वजनाची वही

आमच्या दुकानात पाऊल टाकलं की उजव्या हाताला काटा आहे. लोखंडी पाटाचा, दोनशे किलोचा. माझ्या सासऱ्यांचा. त्यांचं रविवार पेठेत पेंडीचं दुकान होतं. सरकी पेंड, शेंगा पेंड, गव्हाचा भुसा, तुरीची चुन्नी. बेळगावातले गवळी आणि येळ्ळूर, कडोलीकडचे शेतकरी त्याच काट्यावर पोती मोजून न्यायचे. 2011 साली मी टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटापासून जवळच, कुत्र्यामांजरांच्या खाद्याचं दुकान काढलं तेव्हा मामांनी (सासऱ्यांना आम्ही मामाच म्हणतो) तो काटा हातगाडीवर घालून पाठवून दिला. मी म्हटलं, माझी पोती कंपनीतून मोजून, शिवून येतात, काट्याचं मी काय करू? "असू दे की गं, दुकानात काटा नाही म्हणजे काय?" एवढंच बोलले.

तीन वर्षं त्या काट्यावर मी कॅलेंडरं आणि रिकामी खोकी ठेवत होते. आज त्यावर कुत्री उभी राहतात. नखं घसरू नयेत म्हणून रबराची चटई चिकटवली आहे, आणि शेजारच्या खिळ्याला वही टांगलेली असते: नाव, वय, वजन, तारीख, काय खातो, किती खातो. सातवी वही चालू आहे.

वही का सुरू झाली ते आधी सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला हक्क नाही.

2014 च्या उन्हाळ्यात हिंदवाडीतल्या एक शिक्षिका आल्या. मांजराला पिसवा झाल्या होत्या. माझ्याकडे मांजराचं औषध संपलेलं होतं. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर सोडायचं औषध होतं, त्यातली छोट्या कुत्र्याची नळी मी काढून दिली आणि म्हटलं, "अर्धीच घाला." मांजर लहान म्हणून अर्धी, एवढाच माझा हिशेब. दुपारचे चार वाजले असतील. रात्री नऊला त्यांचा फोन आला, मांजर थरथरतंय, कान फडफडवतंय, चालताना पाय वाकडे पडतायत. मी म्हटलं, "औषध उतरतंय, सकाळपर्यंत बघा." पहाटेच्या आत मांजर गेलं.

त्या नळीत परमेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराच्या यकृतात ते फोडून बाहेर टाकायची सोयच नीट नसते, त्यामुळे ते अंगात राहतं आणि मज्जातंतूंवर चढतं. हे मला नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं. तशी वेळ आली तर कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घालून मांजराचं अंग लगेच धुवायचं आणि तसंच डॉक्टरांकडे न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही. औषध लावलेल्या कुत्र्याच्या कुशीत मांजर झोपत असेल तर औषध वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवायचं. नळीच्या खोक्यावर मांजराचं चित्र काढून त्यावर फुली होती, करंगळीच्या नखाएवढी. मी ती तीन वर्षं रोज बघत होते आणि मला ती दिसली नव्हती.

त्या बाई पुन्हा दुकानात आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, काही बोलल्या नाहीत.

आठवडाभराने मामा दुकानात आले. त्यांना सगळं कळलं होतं. काट्यावरची खोकी त्यांनी स्वतः खाली उतरवली. मग त्यांच्या धंद्यातली गोष्ट सांगितली, आणि माझं सगळं दुकान त्या गोष्टीवर उभं आहे. ते म्हणाले, पेंड खराब निघाली तर दुसऱ्या दिवशी म्हैसच सांगायची. दूध कमी यायचं, आणि सकाळी सातला गवळी पायरीवर उभा असायचा. तुझ्याकडे कोण येणार आहे सांगायला? पैसे देणारा एक, खाणारा दुसरा. कुत्रं खराब माल खाऊनसुद्धा शेपूट हलवतं.

त्या दिवसापासून कुठलंही गोचिडाचं, पिसवांचं, जंताचं औषध काउंटरवरून द्यायच्या आधी मी तीन प्रश्न विचारते. जनावर कुठलं, वजन किती, घरात दुसरं जनावर आहे का. वजन माहीत नसेल तर घेऊन या, काटा फुकट आहे. सुरुवातीला लोक वैतागायचे. "वैनी, एक नळी घ्यायला कुत्रं घेऊन येऊ काय?" होय, घेऊन या की.

वजनं लिहायला लागल्यावर मला माझाच धंदा नव्याने दिसायला लागला.

भाग्यनगरातल्या एका ठेकेदारांचा ब्रूनो, लॅब्रेडोर, पाच वर्षांचा, पहिल्यांदा काट्यावर चढला तेव्हा 43 किलो भरला. मालक खूश होऊन म्हणाले, "खातं-पितं घर आहे!" महिन्याला वीस किलोचं पोतं नेत. किती घालता विचारलं तर म्हणाले, कंपनीने लिहिलंय तेवढंच, दोन वेळा एक-एक वाटी. मी म्हटलं, ती वाटी घेऊन या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणली ती आमटीची वाटी नव्हती, कालवणाचा मोठा वाडगा होता. छोट्या तराजूवर दाणे घालून बघितले तर एका वाडग्यात 310 ग्रॅम. म्हणजे दिवसाला 620 ग्रॅम, वर पोळीचे तुकडे, आणि रविवारी कुंदा (आमच्या बेळगावची दुधाची मिठाई), कारण त्याला आवडतो. तीस-बत्तीस किलोच्या, बेताने फिरणाऱ्या कुत्र्याला साडेतीनशेच्या आत-बाहेर पुरतं. मी खिळा घेऊन वाडग्याच्या आतल्या बाजूला 170 ग्रॅमला ओरखडा मारला आणि कुंदा बंद करायला सांगितला.

आठ महिन्यांत ब्रूनो 34 वर आला. माझी विक्री मात्र वीस किलोवरून दहावर आली. नवऱ्याने वही बघून विचारलं, "असं दहा जणांना केलं तर भाडं कुठून द्यायचं?" प्रश्न खरा होता आणि माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. उत्तर त्या वहीतच होतं, पण दिसायला वर्षभर लागलं.

ते असं. कुठलं कुत्रं रोज किती ग्रॅम खातं हे माहीत असलं की त्याचं पोतं कधी संपणार हे मला मालकाच्या आधी कळतं. एकाचं 29 दिवस जातं, दुसऱ्याचं 18. मी दोन दिवस आधी फोन करते, मालक ऑनलाइन मागवायच्या आत पोतं घरी पोचलेलं असतं. आणि मी वितरकाकडून तेवढीच पोती उचलते. आधी मी "दहावर दोन फुकट" अशा योजनांना भुलायचे. पोती उतरवून घेतल्यावर तारीख बघायची तर सहा आठवड्यांत मुदत संपणार. मग कमी दरात विका, नाहीतर कुणाच्या तरी गळ्यात मारा. आता योजना ऐकायच्या आधी मी तारीख विचारते. गेल्या वर्षी माझ्याकडे मुदत संपलेली फक्त दोन पोती निघाली. 2013 साली एकतीस निघाली होती. माझा नफा त्या फरकात आहे.

नामांकित कंपनीच्या पोत्यावर तसं फार सुटत नाही. शंभर रुपयांमागे दहा-बारा, आणि कधी कधी ऑनलाइनचा विकायचा दर माझ्या खरेदीपेक्षा खाली असतो. त्यावर 18 टक्के जीएसटी आहे, आणि लोकांना वाटतं तो आम्हीच लावतो. पोतं माणसाला दुकानापर्यंत आणतं, एवढंच. दुकान चालतं ते पट्टे, भांडी, ब्रश, अंथरुणं यांच्यावर.

आणि कॅल्शियमवर. निदान बहुतेक दुकानं त्यावर चालतात. पिल्लू घेतलं की माणूस आधी कॅल्शियमची बाटली मागतो, हे आता रीतच झाल्यासारखं आहे, आणि फळीवरच्या सगळ्या मालात जास्तीत जास्त सुटतं ते त्या बाटलीतच. माझ्याकडे ती फक्त डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर मिळते. जर्मन शेफर्ड, लॅब्रेडोर, ग्रेट डेन यांच्या पिल्लांचं आतडं लहानपणी जादाचं कॅल्शियम नाकारू शकत नाही, येईल तेवढं आत घेतं. पिल्लांच्या तयार खाद्यात ते मापात असतंच. वरून बाटली ओतली की हाडं मजबूत व्हायच्या ऐवजी वाकडी वाढतात, सांधे बिघडतात. याच्या उलट, घरी नुसता भात आणि बिनहाडाचं चिकन खाणाऱ्या पिल्लाला ते खरोखरच कमी पडतं. पण किती, ते डॉक्टर सांगतील. मी नाही. प्रतिजैविकं मागायलाही माणसं येतात, "मागच्या वेळी दिलेली तीच गोळी द्या" म्हणून. असली औषधं विकायचा परवाना माझ्याकडे नाही, आणि असता तरी चिठ्ठीशिवाय दिली नसती.

दुसऱ्या टोकाची गोष्ट कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदारांची. त्यांच्याकडे मुधोळ जातीचं कुत्रं आहे. मुधोळ आमच्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं, घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या मालोजीराजे घोरपड्यांनी ही जात जोपासली, 2005 साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. सुभेदारसाहेबांची तक्रार एकच: "फिरायला नेलं की लोक म्हणतात, मास्तर, कुत्र्याला उपाशी ठेवता काय? वजन वाढवायची पावडर द्या." पावडरचा डबा साडेअकराशेचा होता, फळीवर समोरच. मी वही काढली. चौदा महिन्यांत सहा वेळा वजन केलेलं, 25 किलोच्या अर्धा किलो इकडे-तिकडे. केस चकचकीत, मांड्या भरलेल्या. नजरेने शिकार हेरून पळणाऱ्या कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणारच, त्याची घडणच तशी असते. मी सुभेदारसाहेबांचा हात धरून त्याच्या पाठीवरून फिरवला, मणके टोचतात का बघायला सांगितलं. टोचत नव्हते. पावडर विकली नाही. वहीचं ते पान मात्र त्यांनी फोनवर टिपून घेतलं, विचारणाऱ्याला दाखवायला.

सुटं खाद्य विकावं की नाही यावर मी बरीच वर्षं अडखळले. कंपन्या म्हणतात विकू नका. पण मेसमध्ये जेवणारी कॉलेजची मुलं रस्त्यावरच्या कुत्र्याला घालायला अर्धा किलो मागतात, दूध टाकणारा मुलगा एक किलो नेतो. त्यांना तीन किलोचं पाकीट घ्या म्हणणं म्हणजे परत जा म्हणणं. म्हणून मी विकते, पण दाणे डब्यात ओतत नाही. पोतंच्या पोतं स्टीलच्या डब्यात ठेवते, कारण चरबी जपायचा थर पोत्याला असतो आणि काही झालं तर घाण्याचा (बॅचचा) नंबरही त्यावरच असतो. पोतं कधी फोडलं ती तारीख आणि नंबर गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर लिहिते. चिठ्ठी मराठी आणि कन्नड दोन्हींत असते. विकत घेणारा एक, शेतावर घालणारा दुसरा, असं आमच्याकडे नेहमीचंच. "अक्का, एनू तिन्नंगिल्ल" (काहीच खात नाही) म्हणत येणाऱ्याला मी तीच चिठ्ठी आधी मागते.

जून ते सप्टेंबर मात्र मोठं पोतं फोडतच नाही. बेळगावचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला कारण सांगायला नको. भिंतीला हात लावला तर ओला होतो. दर गुरुवारी मामा येतात, आता त्यांची ऐंशी उलटली, आणि फोडलेल्या प्रत्येक पोत्यातून मूठभर दाणे घेतात. तळहातावर ठेवून तोंडाची वाफ सोडतात, दोन्ही हातांत चोळतात, मग नाकाशी नेतात. पेंड अशीच बघायचे. चांगल्या दाण्याला भाजलेल्या शेंगांसारखा वास येतो. खवट झालेला माल आधी वाफेत कळतो, नुसता हुंगून नाही. मी हे शिकायचा प्रयत्न करते आहे. अजून दहापैकी सात वेळाच माझं त्यांच्याशी जुळतं.

ऑगस्ट 2019 मध्ये वडगावच्या बाजूला आमच्या गोडाऊनमध्ये पाणी शिरलं. खालच्या थराची बावीस पोती भिजली. तिसऱ्या दिवशी एक माणूस आला, निम्म्या दराने सगळी उचलतो म्हणाला, कोंबड्यांना घालणार. भिजलेल्या धान्यावर जी बुरशी येते तिचं विष उकळून जात नाही, यकृत खातं, कुत्र्याचंही आणि कोंबडीचंही. बावीसच्या बावीस पोती फाडून खड्ड्यात पुरली. फाडली अशासाठी, की तशीच पुरली असती तर रात्रीतून कुणी काढली असती. विम्यात ते बसलं नाही. त्या वर्षी दिवाळीला घरात काही घेतलं नाही.

दिवसातून एकदा तरी कुणी विचारतंच, "पिल्लू मिळेल काय?" मी जिवंत जनावर विकत नाही. 2017 चे कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आणि 2018 चे पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम पाळून विकता येतं. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करा, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नका, वगैरे. मी तरीही नाही म्हणते. चार घरची पिल्लं एका पिंजऱ्यात आली की पार्व्हो कुणी आणला हे कळत नाही, आणि तो विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने राहतो. त्याच फरशीवरून लस न झालेलं दुसऱ्याचं पिल्लू माझ्या काट्याकडे चालत येतं. पहिली दोन वर्षं मी लव्हबर्ड आणि मासे ठेवले होते, 2013 ला तेही बंद केले. पोपटाचा पिंजराही विकत नाही. आपला हिरवा, लाल पट्ट्याचा पोपट 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतो, पाळता येत नाही. "आमच्या आज्जीकडे होता की" असं सांगणारे बरेच भेटतात. होता. माझ्याही आज्जीकडे होता.

आता पट्ट्यांबद्दल, कारण हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

मी कुत्र्याचे पट्टे निपाणीकडच्या एका चप्पल करणाऱ्या कारागिराकडून करून घेते. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे, हे इथल्याच पुष्कळ लोकांना माहीत नाही. तेच कातडं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. कुत्रं पट्टा चघळतंच, म्हणून मला क्रोमच्या रसायनात कमावलेलं कातडं नको होतं. पितळी कडी, आमच्या पावसात लोखंडी महिन्यात गंजते. एका पट्ट्यावर मला शंभरामागे पस्तीस सुटतात, कारागिराला त्याने सांगितलेला दर रोख मिळतो. अंथरुणं वडगावच्या विणकर घरातल्या तीन बायका शिवतात, आत मागावरचे काप भरून. 2020 मध्ये माग थांबले तेव्हा हे सुरू झालं, आणि आज दुकानाच्या भाड्याचा निम्मा भार ती अंथरुणं उचलतात.

आतल्या बाजूला काटे असलेला पट्टा, ओढलं की कुत्र्याच्या मानेत रुतणारा, मी विकत नाही. बाहेरच्या बाजूला खिळे असलेला मात्र मी मुद्दाम करून घेते. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, चंदगडच्या बाजूला, कुत्रं राखणीला गोठ्याबाहेर असतं आणि बिबट्या त्याची मान धरतो. रुंद चामडं, दोन ओळींत बोथट न केलेले खिळे, आतून दुहेरी अस्तर, म्हणजे खिळ्यांची डोकी कातडीला घासत नाहीत. ऑगस्ट 2022 मध्ये गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या आला आणि शाळा बंद राहिल्या, तेव्हा शहरातली माणसं पॉमेरेनियनसाठी हा पट्टा मागायला आली. त्यांना मी म्हटलं, रात्री कुत्रं घरात घ्या. पट्टा ज्याला घर नाही त्याच्यासाठी आहे.

गावाकडचा माणूस कुत्रं घेऊन एसटीने येऊ शकत नाही. तो सुतळी आणतो. मानेभोवती फिरवून गाठ मारलेली. मी ती सुतळी काट्यावर न चढलेल्या कुत्र्याच्या नावापुढे वहीत चिकटवते, शेजारी इंच लिहिते. अशा अठ्ठावन्न सुतळ्या आहेत.

गेल्या मंगळवारी खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या कणकुंबीकडचे एक शेतकरी आले. पिशवीतून पट्टा काढून काउंटरवर ठेवला. दीड वर्षापूर्वी माझ्याकडूनच नेलेला. वरच्या ओळीतले दोन खिळे आडवे झालेले, आणि खिळ्यांच्या मधोमध चामड्यात एक खोल खड्डा, करंगळीचं टोक जाईल एवढा. दुसरा त्याच्या पलीकडे, थोडा उथळ. बक्कल तुटलं होतं.

मी विचारलं, "कुत्रं?"

"हाय की. खातंय, भुंकतंय. कान फाटलाय थोडा."

त्यांना बक्कल बदलून हवं होतं. मी खिळेही बदलून देते म्हटलं, तर नको म्हणाले, आहेत तसे असू देत. मग खिशातून त्यांनी सुतळी काढली, घरी दुसरी कुत्री आहे तिच्या मापाची. सतरा इंच भरली. कुत्रीचं नाव विचारलं तर नाव ठेवलेलं नव्हतं. वहीत मी "कणकुंबी, दुसरी" असं लिहिलं, सुतळी चिकटवली आणि शनिवारी या म्हणून सांगितलं.